पानांना भोकं पडू द्या

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं की उद्यमबाग मागे पडतं, पिरनवाडी येते आणि त्यानंतर मच्छे. इथं फौंड्र्या आणि मशीन शॉप भाताच्या शिवारांना खेटून उभी आहेत. पाळी सुटायच्या वेळेला रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागते. त्याच रस्त्याकडेला, तारेच्या कुंपणाला टेकून, धुळीनं माखलेली रुईची झुडपं उभी असतात. त्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही. शनिवारी सकाळी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडायला कुणी येतं, तेवढंच.

नवरात्र ते दिवाळी या दिवसांत तिथं थोडा वेळ थांबलं तर एक नारिंगी फुलपाखरू हमखास दिसतं. पंखांची टोकं काळी, त्या काळ्यात पांढरा पट्टा, उडणं संथ, कुणाची भीती नसल्यासारखं. इंग्रजी पुस्तकांत त्याला ‘प्लेन टायगर’ म्हणतात. मराठी नावांच्या यादीत तो ‘बिबळ्या कडवा’. अंडी घालायला आलेली मादी असेल तर ती फुलांकडे वळतच नाही. कोवळ्या पानावर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते, पोट वाकवून पानाच्या खालच्या अंगाला एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या झुडपाकडे निघून जाते. पान उलटून बघावं तर अंडं दिसतं: खसखशीच्या दाण्याएवढं, दुधी रंगाचं, उभ्या कंगोऱ्यांचं.

हा लेख परसदाराबद्दलचा आहे. परस म्हटला की तुळस, कढीपत्ता, अळू, जास्वंद, गवती चहा डोळ्यांपुढे येतात. म्हणजे माणसाच्या उपयोगाची झाडं. या लेखातला परस थोडा निराळा आहे. ज्या झाडाची पानं दुसऱ्या कुणीतरी खावीत म्हणूनच ते लावायचं, असा. अमेरिकेत आज हजारो घरांमागे असे परस आहेत. ‘मोनार्क’ या फुलपाखराच्या अळ्यांसाठी तिथली माणसं ‘मिल्कवीड’ नावाचं चिकाळ झाड मुद्दाम लावतात. न्यू जर्सीत, टेक्सासात राहणाऱ्या मराठी घरांतली नातवंडं शाळेत मोनार्कचे धडे शिकतात आणि व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना पट्ट्यापट्ट्यांची अळी दाखवतात. आजी-आजोबांना नवल वाटतं. खरं तर त्याच कुळातलं फुलपाखरू आणि त्याच कुळातलं झाड त्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर असतं.

मोनार्कची इकडची भावंडं

मोनार्क भारतात नाही. पण तो ज्या ‘डॅनॉस’ प्रजातीतला आहे, तिच्यातली दोन फुलपाखरं बेळगाव परिसरात सर्रास दिसतात. एक हा प्लेन टायगर आणि दुसरा पंखांवरच्या शिरा काळ्या रेघांनी उठून दिसणारा ‘स्ट्राइप्ड टायगर’. जवळच्या नात्यातले ब्लू टायगर आणि ग्लासी टायगर घाटाकडे, जांबोटी-आमगावच्या जंगलवाटांवर भेटतात. काळपट तपकिरी ‘कॉमन क्रो’ तर सगळीकडेच.

या सगळ्यांची आवड एका बाबतीत जुळते. त्यांच्या अळ्यांना लागतात ती बहुतेक झाडं चिकाची. प्लेन टायगरला रुई. कॉमन क्रोला कण्हेर, अनंतमूळ, उंबर. ब्लू टायगरला हिरणदोडीचा वेल. स्ट्राइप्ड टायगरला अंतमूळ आणि कंदीलपुष्पाच्या वेली. रुई, हिरणदोडी, अंतमूळ, कंदीलपुष्प आणि अमेरिकेतलं मिल्कवीड ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच घरातली भावंडं आहेत. आपल्याकडे ओढ्याकाठी आणि बागांत दिसणारं लाल-पिवळ्या फुलांचं ‘हळदकुंकू’ तर थेट मिल्कवीडच आहे. मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं, तिथून जगभर पसरलेलं. म्हणजे मोनार्कच्या अळीला मच्छेत आणून सोडलं तरी तिची उपासमार होणार नाही.

प्लेन टायगरची ओळख माणसाला फार जुनी आहे. इजिप्तमधल्या नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं भित्तिचित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात पाणथळीतल्या पक्ष्यांच्या गर्दीत जी फुलपाखरं रंगवली आहेत, त्यांतला प्लेन टायगर आजही ओळखू येतो. आफ्रिकेपासून आशियाभर ज्याचा वावर आहे, ते हे फुलपाखरू मच्छेच्या कुंपणावर रोजचं पाहुणं आहे. आणि ते तिथं आहे याचं कारण एकच, रुई अजून तिथं शिल्लक आहे.

चीक आणि विष

रुईचं पान तोडलं की देठातून पांढरा चीक भळाभळा वाहतो. गुरं या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत. त्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. त्यांतल्या एकाचं नाव ‘कॅलोट्रॉपिन’. रुईच्या ‘कॅलोट्रॉपिस’ या शास्त्रीय नावावरूनच ते आलं आहे, आणि अमेरिकेतल्या मिल्कवीडमध्येही तेच सापडतं. पेशींत सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा जो पंप असतो, तो ही द्रव्यं बंद पाडतात. मोनार्कच्या शरीरात त्या पंपाची रचनाच थोडी बदललेली आहे, म्हणून विष त्याला बाधत नाही. उलट अळी ते साठवून ठेवते आणि पुढे फुलपाखरातही ते उतरतं.

लिंकन ब्राउअर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हे प्रयोगानं दाखवलं. पिंजऱ्यातल्या ब्लू जे पक्ष्याला त्यानं मोनार्क खायला दिला. पक्ष्याला लगेच उलट्या झाल्या. त्यानंतर मोनार्क पुढे ठेवला तरी तो पक्षी त्याला शिवेना. या प्रयोगातले विषारी मोनार्क ज्या झाडावर वाढवले होते ते म्हणजे हळदकुंकूच. कोबीच्या पानांवर वाढवलेले मोनार्क मात्र पक्ष्यांनी बिनदिक्कत खाल्ले. फुलपाखराची सगळी निर्धास्त चाल त्यानं लहानपणी काय खाल्लं यावर उभी आहे, हे त्या प्रयोगानं सिद्ध झालं.

विष पचवता येतं, पण चिकटपणाचं काय? रुईच्या पानावर नुकत्याच बाहेर आलेल्या अळीची खरी परीक्षा तीच. ती आधी स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते, मग पानाकडे वळते. पहिल्या घासालाच चीक बाहेर येतो आणि काही अळ्या त्यात अडकून मरतात. ज्या जगतात त्या एक युक्ती करतात. लहान अळी पानावर आधी गोल चर कुरतडते, त्या वर्तुळातल्या चिकाच्या नळ्या तुटतात, आणि मग ती आतला भाग निवांत खाते. म्हणून रुईच्या पानांवर नाण्यांसारखी गोल भोकं दिसतात. मोठी झालेली अळी थेट पानाच्या मधल्या जाड शिरेला चावा घेते. चीक तिथूनच ठिबकून जातो, पान पुढे मान टाकतं आणि लोंबणाऱ्या टोकाकडून अळी खायला सुरुवात करते. कुंपणावरचं एखादं पान मध्येच मोडल्यासारखं लोंबताना दिसलं की त्याच्या खाली हात घालून बघावं. बहुधा अळी सापडते.

अळी देखणी असते. पांढरे, काळे आडवे पट्टे, मध्ये मध्ये पिवळे ठिपके आणि पाठीवर मऊ काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला अशा दोनच जोड्या असतात. अंड्यातून बाहेर पडल्यापासून दोनेक आठवड्यांत ती चार वेळा कात टाकते, बोटाच्या दोन पेरांएवढी होते आणि मग झाड सोडून निघते. जवळपासची काडी, कुंपणाची तार, खिडकीचा गज, कुठंही उलटी लटकते. रात्रीतून कोष तयार. कधी हिरवा, कधी गुलाबी-तपकिरी, आजूबाजूच्या रंगावर अवलंबून. वरच्या बाजूला सोनेरी ठिपक्यांची ओळ. आठ-दहा दिवसांत फुलपाखरू.

मागच्या दारी

मच्छेतल्या एका घराच्या मागच्या दारी, मोरीच्या पाण्याला, हळदकुंकवाच्या दोन कुंड्या आणि भिंतीकडेला छाटून कमरेएवढी ठेवलेली एक रुई आहे. रुई कुणी लावलेली नाही, आपसूक आली. हळदकुंकू नर्सरीतून फुलांसाठी आणलेलं. ऑक्टोबरात एका सकाळी दोन्ही कुंड्यांत नुसत्या काड्या उरल्या.

“आज्जी, बघ की गं, सगळी पानं खाऊन टाकलीत!”

“खाऊ दे की. परत येतील पानं. तू हात लावू नको हं त्या चिकाला.”

आजींना हे सुचलं यात विशेष आहे. कारण या पट्ट्यात अळी म्हणजे शत्रू, हे पिढ्यान्पिढ्या अंगात मुरलेलं आहे. निपाणीकडची तंबाखू, हुक्केरीकडची सोयाबीन, बेळगाव तालुक्यातला भात आणि भाजीपाला. सगळीकडे अळी दिसली की हात औषधाच्या पंपाकडे जातो. शेतात ते समजण्यासारखं आहे. तंबाखूच्या पानाला भोक पडलं की त्याचा भाव पडतो, शेतकऱ्याचं वर्ष त्यावर अवलंबून असतं. परसात मात्र भाव नाही, वजन नाही, व्यापारी नाही. तरीही घरोघरी गुलाबाला मारायचं औषध सगळ्या झाडांवर फिरतं. मग तेच घर “हल्ली फुलपाखरं कुठं गेली” म्हणून हळहळतं.

फुलपाखरांची बाग म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुधा फुलांचीच रोपं असतात. झिनिया, झेंडू, घाणेरीच्या रंगीत जाती. फुलं हवीतच, मोठ्या फुलपाखराला मध लागतो. पण मध मिळण्याची ठिकाणं पुष्कळ असतात. अळीची पानं नेमकी एक-दोनच. प्लेन टायगरची मादी शंभर झेंडू ओलांडून एका रुईकडे जाते. त्यामुळे ज्या परसात भोकं पडलेली पानं नाहीत, तिथं फुलपाखरं फक्त वाटसरू म्हणून येतात.

लावायचं कसं

रुई लावायला सोपी आणि हलवायला अवघड. तिचं सोटमूळ खोल जातं, म्हणून मोठं झुडूप उपटून आणलं तर बहुधा जगत नाही. बोटाएवढ्या जाडीची फांदी तोडून, कापाचा चीक एक-दोन दिवस सुकू द्यावा आणि पावसाच्या तोंडावर ती मुरमाड जमिनीत रोवावी. बियाही सहज रुजतात. खत नको, लाड नकोत, ऊन मात्र भरपूर हवं. मच्छेची तांबडी माती तिला मानवते; फक्त पावसाळ्यात मुळाशी पाणी साचू देऊ नये. वाढू दिली तर ती माणसाच्या डोक्यावर जाते, म्हणून लहान परसात दर काही महिन्यांनी छाटणी करावी. छाटणीनंतर येणारी कोवळी पानंच मादीला हवी असतात. जाड, जुनी, लवेनं पांढरट झालेली पानं लहान अळीला चावत नाहीत.

ज्यांना कुंडीवर भागवायचं आहे त्यांच्यासाठी हळदकुंकू. बी पेरल्यापासून काही महिन्यांत फुलावर येतं, छाट कलमानंही लागतं. पण पान बारीक, त्यामुळे मोठ्या झालेल्या तीन-चार अळ्या एक कुंडी पाहता पाहता साफ करतात. दोन कुंड्यांनी पुरत नाही. पाच-सहा असाव्यात, आणि मागं रुई असली तर उपाशी अळ्या तिच्यावर हलवता येतात. दुसरी गोष्ट नर्सरीची. रोप देखणं दिसावं म्हणून विक्रीआधी औषध मारलेलं असू शकतं, आणि काही औषधं झाडाच्या रसात उतरून आठवडेच्या आठवडे राहतात. असं रोप आणल्या आणल्या त्यावर अळ्या सोडल्या तर त्या दुसऱ्या दिवशी मेलेल्या सापडतात. नवीन रोप आधी महिनाभर वाढू द्यावं, जुनी पानं छाटून टाकावीत. बियांपासून घरी केलेलं रोप सगळ्यांत बिनधोक.

मिल्कवीडवर पिवळाधमक मावा येतोच. तोही याच चिकावर पोसला जाणारा. बघून जीव घाबरतो, पण औषध मारायचं नाही. कडुनिंबाचं तेलही नाही, कारण ते मावा आणि अळी यांत फरक करत नाही. पाण्याच्या धारेनं शेंडे धुवावेत. लेडीबर्ड भुंगेरे आले की बाकीचं काम ते करतात.

आणि चीक. मुलं असलेल्या घरात हे ठळक सांगायला हवं. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण बुबुळाला सूज येऊन दिसणं धूसर होतं. पान तोडल्यावर, छाटणी केल्यावर हात साबणानं धुवायचे, डोळे चोळायचे नाहीत. डोळ्यांत गेलाच तर भरपूर पाण्यानं धुऊन ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे. एवढी शिस्त पाळली तर रुई परसात ठेवण्यात भीती नाही. शतकानुशतकं लोक तिची पानं गरम करून गुडघ्यावर बांधत आले आहेत, गणपतीच्या पत्रीत आणि रथसप्तमीच्या स्नानात वापरत आले आहेत.

नरांची वेगळी गरज

टायगर फुलपाखरांच्या नरांना आणखी एक पदार्थ लागतो, आणि तो चिकाच्या झाडांत नसतो. भुरुंडी, ओसाडी, खुळखुळा अशा वनस्पतींत काही कडू अल्कलॉइड असतात. नर त्यांच्या वाळक्या किंवा दुखावलेल्या भागांवर बसून सोंडेनं ते शोषतात आणि त्यांतून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. खुळखुळ्याच्या सुकत आलेल्या झाडावर एकाच वेळी दहा-वीस टायगर आणि क्रो लगडलेले बघायला मिळतात ते यासाठी.

मच्छे परिसरातल्या शेतकऱ्याला खुळखुळ्याचा एक भाऊ चांगला ठाऊक आहे: हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग. तोही खुळखुळ्याच्याच प्रजातीतला. फुलोऱ्याच्या सुमारास तो नांगरून जमिनीत गाडतात, ते बरोबरच आहे. पण बांधालगतची एखादी ओळ उभी वाळू दिली तर तिच्यावर काय जमतं ते बघण्यासारखं असतं. परसात वाफाभर जागा असेल तर तिथंही मूठभर ताग पुरतो.

अळ्यांच्या खाद्यझाडांच्या यादीत आणखी एक तण बसतं, ते म्हणजे घोळ. भाजीची घोळ. ‘डॅनेड एगफ्लाय’ नावाच्या फुलपाखराची अळी तिच्यावर वाढते. या फुलपाखराचा नर काळा मखमली, पंखांवर पांढरे गोल. मादी मात्र हुबेहूब प्लेन टायगर. स्वतःच्या अंगात विष नसताना तिनं कडव्याचा वेष घेतलेला आहे, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ज्या फुलपाखरांना संरक्षण दिलं, त्यांत ही आहे. तिचा वेष चालतो तो आसपास खरे कडवे भरपूर असतात तोवरच. रुई गेली तर कडवा जातो, आणि कडवा गेला तर तिच्या वेषाला अर्थ राहत नाही.

कारवारचा साहेब

कुठल्या अळीला कुठलं झाड लागतं, हे आज पुस्तकात बघून सांगता येतं. पण ते कुणीतरी एकेक अळी वाढवून बघितल्याशिवाय कळलेलं नाही. त्यातलं पुष्कळसं काम बेळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात झालं. १८९० च्या दशकात तिथं तीन ब्रिटिश अधिकारी एकत्र आले. कलेक्टर जेम्स डेव्हिडसन, कस्टम खात्यातले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन आणि वनखात्यातले थॉमस रीड बेल. एटकेन साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेले, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांपैकी एक. या तिघांनी जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर सोसायटीच्या जर्नलमध्ये लेखमाला लिहिली. तिचं मोल फुलपाखरांच्या यादीपेक्षा त्यांच्या अळ्या, कोष आणि खाद्यझाडं यांच्या वर्णनांत आहे.

बेल पुढेही थांबले नाहीत. १९०९ पासून जवळजवळ दोन दशकं त्यांनी भारतातल्या सामान्य फुलपाखरांवर लेखमाला चालवली. निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले नाहीत, कारवारलाच राहिले आणि १९४८ मध्ये तिथंच वारले. आज भारतातलं कुठलंही फुलपाखरांचं पुस्तक उघडा, खाद्यझाडांच्या रकान्यात बेल यांच्या नोंदी आतून बोलत असतात. कृष्णमेघ कुंटे यांचं ‘बटरफ्लाइज ऑफ पेनिन्शुलर इंडिया’ हे २००० सालचं पुस्तक, आयझॅक केहिमकर यांचं २००८ मधलं ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’, मिलिंद भाकरे आणि हेमंत ओगले यांचं पश्चिम घाटातल्या फुलपाखरांवरचं पुस्तक. ही माणसं महाराष्ट्रातली, आणि अळीपासून सुरुवात करण्याची परंपरा त्यांनी जोमानं पुढे नेली.

मुद्दाम उभारलेल्या फुलपाखरांच्या बागा बघायच्या तर बेळगावकरांना फार लांब जायला नको. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की फोंड्याजवळ प्रियोळला यशोधन आणि ज्योती हेबळेकर यांनी फुलवलेली बाग आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राजेंद्र ओवळेकरांनी वडिलोपार्जित शेतजमिनीवर ओवळेकर वाडी उभी केली. दोन्हीकडे बंद काचघर नाही. खाद्यझाडं लावली, औषधं बंद केली आणि आजूबाजूच्या रानातून फुलपाखरं आपली आपण आली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मिळ जाती जपल्या, वाढवल्या. ते काम वनस्पती वाचवण्याचं आहे, पण कंदीलपुष्प वाढलं की स्ट्राइप्ड टायगरचंही पोट भरतं.

अमेरिकेचा अनुभव

मोनार्कची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण तिथं जे घडलं ते आपल्या बांधांवर घडू लागलं आहे. उत्तर अमेरिकेतले मोनार्क हिवाळ्याला कुठं जातात हे कोडं कॅनडातले प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट यांनी अनेक वर्षं पंखांना कागदी खुणा चिकटवून सोडवत आणलं. अखेर जानेवारी १९७५ मध्ये त्यांचे सहकारी केनेथ ब्रगर आणि कॅटलिना अग्वादो यांना मेक्सिकोच्या डोंगरांतल्या देवदारासारख्या उंच झाडांवर लाखो मोनार्क लगडलेले सापडले. पुढे तिथं किती हेक्टर रान फुलपाखरांनी व्यापलं, यावरून त्यांची मोजदाद होऊ लागली. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते क्षेत्र १८ हेक्टर होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरवर आलं. २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर.

कारणं अनेक आहेत: मेक्सिकोतली जंगलतोड, हवामान, वाटेतली कीटकनाशकं. पण मोठं कारण शेतातल्या मिल्कवीडचं नाहीसं होणं. तणनाशक सोसणारी सोयाबीन तिथं १९९६ मध्ये आली, पाठोपाठ मका आला. मग पीक उभं असतानाच सगळ्या रानावर ग्लायफोसेट फवारता येऊ लागलं. पिकाच्या ओळींत शतकभर तण म्हणून तग धरलेलं मिल्कवीड काही वर्षांत संपलं. त्यानंतर ते घराघरांमागे लावण्याची चळवळ फोफावली. कॅन्सस विद्यापीठातल्या ‘मोनार्क वॉच’नं २००५ पासून अशा बागांची नोंदणी सुरू केली.

या चळवळीतही अडचणी निघाल्या. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या उबदार भागात लोकांनी सोपं म्हणून हळदकुंकू लावलं. तिथलं देशी मिल्कवीड हिवाळ्यात वाळतं. हे बारा महिने हिरवं राहतं. काही मोनार्क स्थलांतर सोडून तिथंच राहू लागले, आणि त्यांच्यात एका परजीवी रोगाचं प्रमाण वाढलं, कारण रोगाचे बीजाणू त्याच त्या पानांवर साचत राहतात. घरात पेट्यांत अळ्या वाढवण्यावरूनही वाद झाला. शिकागो विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात बंदिस्त वाढलेल्या मोनार्कांना दक्षिणेची दिशा धरता आली नाही. २०२१ मध्ये गेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की उघड्यावर सोडल्यावर त्यांतले बरेच पुन्हा दिशा धरतात.

आपल्याकडचे टायगर मेक्सिकोला जात नाहीत, पण घर धरूनही बसत नाहीत. दक्षिण भारतात ब्लू टायगर, डार्क ब्लू टायगर आणि क्रो पावसाच्या आधी पश्चिम घाटातून पूर्वेकडे निघतात आणि पावसाळ्यानंतर परततात. म्हणून इथं हळदकुंकू कुंडीपुरतं ठेवावं, शेंगा तडकण्याआधी कापाव्यात आणि ओढ्याकाठी ते पसरू देऊ नये. मुख्य भर रुई, हिरणदोडी, कण्हेर या इथल्या झाडांवर असावा. आणि अळ्या पेटीत कोंडण्यापेक्षा झाडावरच ठेवाव्यात. त्यातल्या बऱ्याच मरतील. काहींच्या अंगात टॅकिनीड माशीची पिल्लं वाढतील, काही अंडी ट्रायकोग्रामा नावाच्या सूक्ष्म गांधीलमाशीच्या तावडीत सापडतील. उसातल्या खोडकिडीसाठी शेतकरी ट्रायकोकार्डांवरून जी सोडतात, तीच ही माशी. मरणाऱ्या अळ्यांवर जगणारे हे जीवही त्याच रुईचे पाहुणे आहेत. रंगीबेरंगी रुईटोळ आणि गुणगुणत फुलांवर येणारे काळे भुंगे यांनाही ती हवी असते. रुईच्या परागांच्या पिशव्या एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याचं काम हे भुंगेच करतात.

कुंपणं आणि बांध

मच्छेभोवतीची जमीन झपाट्यानं बदलते आहे. औद्योगिक वसाहत, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, त्यांच्या अवतीभवती वाढलेली वस्ती. हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी विरोध केला, कोर्टाचे दरवाजे ठोठावले, कारण तिथली जमीन पिकाऊ आहे. पिकाऊ जमिनीचा मोबदला ठरवता येतो. बांधाचा, ओढ्याच्या काठाचा, कुंपणालगतच्या हातभर पट्ट्याचा हिशेब कुणाच्या कागदावर येत नाही, आणि रुई नेमकी तिथंच असते. बांधावर आता विळ्याऐवजी तणनाशक फिरतं. मजुरी परवडत नाही हे खरं आहे, पण बांधाला लावलेल्या औषधानं पिकाचं उत्पन्न वाढत नाही हेही तितकंच खरं.

परसात एक रुई ठेवणं चांगलंच, पण मच्छेतली बहुतेक रुई परसाबाहेर आहे. कारखान्याच्या कुंपणाशी, विद्यापीठाच्या भिंतीलगत, शाळेच्या मैदानाच्या कडेला, देवळामागे. तिथली साफसफाई बहुधा दसऱ्याच्या आधी होते, खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते म्हणून आवार चकाचक केलं जातं. नेमक्या त्याच दिवसांत झुडपांवर अंडी आणि अळ्या सगळ्यांत जास्त असतात. ही साफसफाई ऑगस्टमध्ये उरकता येते. रुई तोडली तरी मुळातून फुटते, आणि दसऱ्यापर्यंत तिला कोवळी पानं आलेली असतात. दसऱ्यालाच कापायची वेळ आली तर एका वेळी निम्मं कुंपण कापावं, उरलेलं महिना-दीड महिन्यानं. रुईची बोंडं उन्हाळ्याच्या तोंडाशी फुटतात आणि म्हाताऱ्या उडू लागतात. त्याआधी चार बोंडं काढून ठेवली तर वळवाच्या पावसावर पेरायला बी तयार असतं.